शोभाबाईच्या स्वयंपाकघरातली लाल रेघ

१. चोरी

सुरतच्या डिंडोलीत शोभाबाई बागुलांचं स्वयंपाकघर चोरीला गेलं, आणि तेही जागच्या जागी. भिंती तिथेच, गॅस तिथेच, मांडणीवरचे डबेसुद्धा तिथेच. फक्त नकाशात ते दुसऱ्याच्या जमिनीत जाऊन बसलं होतं.

मी आजवर पुष्कळ थापा मारल्या आहेत आणि देवाच्या कृपेने त्यातल्या बऱ्याच खपल्याही. ही मात्र थाप नाही, त्यामुळे खपेल की नाही याची धाकधूक आहे.

आमची गल्ली म्हणजे एका रांगेतली घरं. खानदेशातून लूमवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, कामाला आलेल्या माणसांनी जागा विकत घेऊन बांधलेली. घरांच्या मागे उघडी जमीन, आणि तिच्या पलीकडे चेतनभाईंचा रिकामा प्लॉट. हे चेतनभाई अस्सल सुरती. बोलणं इतकं गोड की त्यांनी शिवी दिली तरी माणूस घरी जाऊन चिकट झालेले हात धुतो. त्यांना प्लॉटवर कापडाचं गोदाम बांधायचं होतं. त्यासाठी त्यांनी जमिनीची मोजणी ड्रोनने करून घेतली आणि नकाशा मोजणी कचेरीत दाखल केला. त्याची एक प्रत आणि नोटीस शोभाबाईंच्या दारात आली.

नकाशात हद्दीची लाल रेघ होती. गल्लीच्या तोंडाशी ती घरांच्या बाहेरून जात होती. पण जसजशी शेवटच्या घराकडे यावी तसतशी आत शिरत होती, आणि शेवटचं घर शोभाबाईंचं. तिथे ती थेट स्वयंपाकघरातून गेली होती. कचेरीने नकाशा मान्य केला की स्वयंपाकघर पाडायचं, असा नोटिशीचा सरळ अर्थ होता.

शोभाबाईंचे यजमान लूमवर खपून हे घर बांधून गेले. स्वयंपाकघर त्यांनी स्वतःच्या हाताने रचलं होतं. शोभाबाईंनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, मग घडी घालून पदराखाली ठेवला. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर गल्लीला काहीतरी काम मिळालं असतं. ते मिळालं नाही म्हणून गल्ली चोर शोधायला लागली.

चोर लगेच सापडला. ड्रोन उडवणारा लखन आमच्याच गल्लीतला. त्याच सुमारास त्याने नवी मोटारसायकल घेतली होती. आणि पुष्कळांनी पाहिलं होतं की मोजणीच्या सकाळी त्याचं ड्रोन सगळीकडून फिरलं आणि शोभाबाईंच्या घरावर मात्र येऊन थांबलं. घार थांबते तसं.

२. कागद

शोभाबाईंनी वकील गाठली ती हर्षदा गिरासे. बाप लूमवर, मुलगी कोर्टात. गुजरातीत भांडते, मराठीत समजावते आणि घरी आईशी अहिराणीत हरते. तिची एक खोड आहे. कोणालाही ती ‘काय पाहिलंत’ असं विचारत नाही, ‘त्या वेळी तुम्ही काय करत होतात’ असं विचारते. पाहिलेल्यात माणूस भर घालतो, केलेल्यात सहसा घालत नाही, असं तिचं म्हणणं. माझ्यासारख्याला हे फारच गैरसोयीचं आहे.

गल्लीला वाटलं, हर्षदा एका फटक्यात नकाशा फाडेल. धंद्यासाठी ड्रोन उडवायचं म्हणजे काय खेळ आहे? यंत्राची नोंदणी लागते, उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागतं, वर उडवायची परवानगी लागते. एक कागद कमी निघाला की नकाशाच बेकायदा, असं दगा आप्पांनी गल्लीच्या तोंडाशी जाहीर केलं. दगा आप्पा आमच्यातले सगळ्यात मोठ्या आवाजाचे. ते इथे शिंकले की तापीपलीकडे लोक रुमाल काढतात.

हर्षदा मोजणीच्या कंपनीत गेली. तिथे गोपाल बसला होता. मोजणी त्याच्या देखरेखीखाली झाली होती. इस्त्रीचा शर्ट, समोर दोन संगणक. त्याने एकेक कागद पुढे ठेवला. यंत्राची नोंदणी होती. लखनचं प्रमाणपत्र होतं. कोणाच्या डोक्यावर पडलंच तर विमाही होता. उडवायची परवानगी त्या एकाच सकाळपुरती होती, पण होती.

मग तिने विचारलं की आकाशातल्या फोटोवरून जमिनीवरची जागा कशी कळते. गोपाल खुलला. जमिनीवर चार कोपऱ्यांना चार कापडं अंथरायची, काळ्या-पांढऱ्या चौकटीची, वरून स्पष्ट दिसणारी. प्रत्येक कापडाची जागा यंत्राने बोटभर चूक न होता मोजून घ्यायची. मग ड्रोन उडतं. फोटोत ती चार कापडं दिसतात आणि त्यांच्या आधाराने संगणक बाकीचा नकाशा जागेवर बसवतो.

“कापडं कोण अंथरतं?” हर्षदाने विचारलं.

“मी. माझ्या हातानं अंथरतो, विटेचे तुकडे ठेवून, भर उन्हात. आणि माझ्याच हातानं उचलतो. लखनलासुद्धा हात लावू देत नाही.”

मूळ फोटो मात्र त्याने दाखवले नाहीत. ते ग्राहकाच्या मालकीचे, असं तो म्हणाला. हर्षदा म्हणाली, त्यात माझ्या अशिलाच्या मोरीचं छप्पर आहे, ते कधीपासून ग्राहकाच्या मालकीचं झालं? गोपाल हसला. पण दाखवले नाहीतच.

ती परत आली तेव्हा सगळी गल्ली शोभाबाईंच्या ओट्यावर जमली होती. तिने सांगितलं, कागद चोख आहेत. नकाशा बेकायदा नाही.

बेकायदा असता तर बरं झालं असतं. आता तो कायद्याने उभा राहिला, आणि त्याच्याबरोबर ती रेघही.

३. वर बघणारे

हर्षदा आधी चेतनभाईंकडे गेली, मी तिच्या मागोमाग. त्यांनी थंडगार छास, म्हणजे आपलं ताक, पाजली, बेन-बेन करत बसवलं आणि म्हणाले की त्यांनी फक्त मोजायला सांगितलं, जमीन खायला नाही. ट्रक वळवायला त्या टोकाला जागा कमी पडत होती हे खरं. शोभाबाईंचं घर विकत मागितलं होतं, हेही खरं. बाईंनी नाही म्हटल्यावर आपण विषय सोडला.

“विषय सोडला की मोजणी धरली?” हर्षदाने विचारलं.

चेतनभाईंनी तिचा पेला परत भरला. मोजणीच्या सकाळी ते बारडोलीला सासुरवाडीच्या लग्नात होते. पण त्यांचा पहारेकरी प्लॉटवर होता, आणि प्लॉटवरून शोभाबाईंच्या घरामागे अंथरलेल्या कापडापर्यंत जायला कुंपणसुद्धा नव्हतं. हर्षदाने छास संपवली, आभार मानले नाहीत.

मग दगा आप्पा. त्या सकाळी आपण काय करत होतो हे सांगायला त्यांना आवडलं नाही, कारण ते ड्रोनला दगड मारत होते. आया-बहिणींच्या गच्च्यांवर कोणी टकमक बघायचं म्हणजे काय, असं त्यांनी गरजून सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. वरून सगळं दिसतं, गच्चीवरचे कपडे आणि मोरीतली बादलीसुद्धा, आणि बघू का म्हणून कोणी विचारलेलं नसतं. पण हर्षदाने हळूच विचारलं की दगड घेऊन ते गच्चीवर का नव्हते, घरामागे नव्या बांधलेल्या संडासाच्या आडोशाला का होते. दगा आप्पांना अचानक खोकला आला. तो बराच वेळ गेला नाही.

शेवटी लखन. त्याच्याशी गल्लीने बोलणं सोडलं होतं. दुकानदार सुटे पैसे फळीवर ठेवायचा, हातात द्यायचा नाही. लखन घराच्या दारात बसला होता. मोटारसायकल हप्त्यांवर घेतली, असं तो विचारण्याआधीच सांगायला लागला. हर्षदा म्हणाली, मोटारसायकल राहू दे, ड्रोन शोभाबाईंच्या घरावर थांबलं तेव्हा तू काय करत होतास?

“दगड चुकवत होतो,” लखन म्हणाला. “आप्पा आत जाईपर्यंत ड्रोन लांबच्या टोकाला नेऊन धरलं. लांबचं टोक म्हणजे काकूंचं घर. ड्रोन कुठेही थांबलं म्हणून रेघ हलत नाही, ताई. पण हे ऐकणार कोण?”

“मला फोटो बघायचेत.”

त्याने तिच्याकडे बघितलं. फोटो बाहेर गेले तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की प्रमाणपत्र घेऊन तो कोणाच्या दारात उभा राहणार? हर्षदाने सगळे मागितले नाहीत. फक्त शोभाबाईंच्या घराचा एक, आणि तोही शोभाबाईंसमोर. आपलं घर बघायचा त्यांना हक्क आहे, असं ती म्हणाली.

लखन आत गेला. परत येईल असं मला वाटलं नव्हतं. तो लॅपटॉप घेऊन आला.

४. विटा लाल असतात

शोभाबाईंच्या ओट्यावर फोटो उघडला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आपलं घर वरून पाहिलं आणि पत्रा गंजलाय म्हणून हळहळल्या.

घरामागची उघडी जमीन सारवलेली. तिच्यावर भर उन्हात तीन जुन्या साड्या पसरलेल्या आणि साड्यांवर बिबड्या. ज्वारीच्या पिठाचे हे पापड आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी खानदेशी घरात घालतातच, माणूस सुरतेत असो की चंद्रावर. भिंतीच्या कडेला मात्र सावलीची पट्टी होती, आणि त्या सावलीत अर्धं बुडालेलं ते काळं-पांढरं कापड.

हर्षदा पडद्यावर वाकली. मग तिने लखनला फोटो मोठा करायला सांगितला. कापडाच्या चारही कोपऱ्यांवर वजनं होती. काळी. साड्यांच्या कोपऱ्यांवरही वजनं होती, तीही काळी, त्याच आकाराची.

“गोपालभाई कापडावर काय ठेवतो?”

“विटेचे तुकडे,” लखन म्हणाला. आणि मग त्याने पुन्हा फोटोकडे बघितलं. फोटोत लाल काहीच नव्हतं.

हर्षदा उठून स्वयंपाकघरात गेली आणि येताना हातात एक लोखंडी गोळा घेऊन आली. लूमवर ताण धरायला लावतात तसलं वजन. जुना लूम भंगारात गेला तेव्हा यजमानांनी अशी बरीच वजनं घरी आणली होती. पापड दाबायला, दार अडवायला, काय वाटेल त्याला उपयोगी.

तिने ते जमिनीवर ठेवलं आणि शोभाबाईंच्या शेजारी बसली. आजवर सगळ्यांनी शोभाबाईंना ड्रोनबद्दल विचारलं होतं. कुठून आलं, किती वेळ थांबलं, आवाज कसा होता. हर्षदाने ड्रोनचं नाव काढलं नाही. अहिराणीतच विचारलं, त्या सकाळी मागे सारवलं कधी आणि सारवायच्या आधी तिथे काय होतं.

“कोनं तरी कापड पडेल व्हतं,” शोभाबाई म्हणाल्या. “बिबड्या टाकाना व्हत्यात, म्हनीसन मी ते भितडाकडे सावलीमा ठी दिधं.”

“भिंतीकडे ठेवलंत, घरात का नाही नेलं?”

शोभाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की गिरासेंच्या मुलीला एवढंही शिकवलं नाही का. लूमच्या वस्तीत दुसऱ्याचं कापड घरात न्यायचं नसतं. गच्चीवरून उडून आलेलं असो नाहीतर कोणाच्या हातून पडलेलं. घरात सापडलं की चोरी, मग ते चिंधी का असेना. यजमान कामाला होते तेव्हा त्यांची पिशवी रोज फाटकावर उघडून बघत. तेव्हापासून गल्लीची रीत अशी की कापड सापडलं तर बाहेरच, बाजूला, वजन ठेवून नीट पसरायचं. ज्याचं असेल तो बघेल आणि घेऊन जाईल.

आणि तसंच झालं होतं. दुपारी कोणीतरी घेऊनही गेलं. शोभाबाई आत जेवत होत्या. बाहेर आल्या तर कापड नव्हतं आणि वजनं भिंतीशी नीट रचून ठेवलेली होती.

लखनने लॅपटॉप मिटला. मी शोभाबाईंकडे बघू शकलो नाही. कचेरीत कोणी विचारलं असतं की मोजणीची खूण कोणी सरकवली, तर खरं उत्तर एकच होतं. ज्या बाईचं घर जाणार होतं, तीच.

५. कचेरी

नकाशावरच्या हरकतीच्या सुनावणीच्या दिवशी हर्षदाने शोभाबाईंना समोर बसवलं आणि सगळं उघड सांगितलं. खूण तुम्ही हलवली हे बोललो नाही तर नकाशा टिकेल. बोललो तर समोरचे वकील म्हणतील, मोजणीत मुद्दाम ढवळाढवळ केली, आणि तुमच्यावरच तक्रार होऊ शकेल. मी सांभाळीन असं मला वाटतं, पण बोलायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

शोभाबाईंनी विचारलं, “खोटं बोलनं पडी का?”

“नाही. गप्प बसावं लागेल.”

शोभाबाई गप्प बसणाऱ्यातल्या असत्या तर त्यांचं आयुष्य कितीतरी सोपं गेलं असतं. अधिकाऱ्यांसमोर त्यांनी उभं राहून सांगितलं की कापड मी सरकवलं, आणि पुन्हा कोणाचं कापड अंगणात पडलं तर पुन्हा सरकवीन.

चेतनभाईंचे वकील खुर्चीतून उडालेच. उडायची परवानगी त्यांनी घेतलेली नव्हती. छेडछाड, नुकसान, फसवणूक, हाताला लागेल ते कलम त्यांनी फेकलं. अधिकाऱ्यांनी हर्षदाकडे बघितलं.

हर्षदाने आधी जमिनीवर बोट टेकवून समजावलं. कापड भिंतीकडे आलं. संगणकाला ते माहीत नाही. तो समजला, कापड जागेवरच आहे. मग भिंत कापडाच्या जवळ कशी? तर भिंतच प्लॉटच्या बाजूला पुढे आली असणार. म्हणून जेवढं कापड भिंतीकडे गेलं तेवढं स्वयंपाकघर नकाशात पुढे सरकलं. बाकीची तीन कापडं जागेवर होती, म्हणून गल्लीच्या तोंडाशी रेघ बरोबर आणि या टोकाला चूक.

“हे सगळं ठीक,” अधिकारी म्हणाले, “पण खूण हलवली ती तुमच्याच अशिलाने.”

“हो साहेब. तिच्या अंगणात, तिला न विचारता अंथरलेलं कापड. हात लावू नका म्हणून कोणी सांगितलं नाही, त्यावर नाव नाही, राखायला माणूस नाही. पण खूण हलणं हा गुन्हा नाही, अपघात आहे. गुन्हा त्याच्यानंतर झाला.” आणि ती गोपालकडे वळली. “गोपालभाई, ते कापड उचललं कोणी?”

गोपालने नेहमीच्या सवयीने उत्तर दिलं. “मीच. मी दुसऱ्याला हात—”

तिथे तो थांबला.

“तुम्ही विटा ठेवल्या होत्यात,” हर्षदा म्हणाली, “आणि उचलताना लोखंडी वजनं काढलीत. एकेक करून, स्वतःच्या हाताने. भर उन्हात अंथरलेलं कापड भिंतीच्या कडेला सापडलं. मोजणारा माणूस तुम्ही. तुम्हाला कळलं नाही, असं म्हणायचंय का?”

गोपालने चेतनभाईंकडे बघितलं. चेतनभाई खिडकीबाहेर बघत होते, आणि गोड माणूस नजर चुकवतो तेव्हा फार कडू दिसतो.

गोपाल बोलला तो टेबलाकडे बघून. उचलताना कळलं होतं. पण परवानगी त्या सकाळपुरतीच होती. परत उडवायचं तर नवा अर्ज, नवी वाट बघणं, आणि कंपनीत सांगायचं की माझी खूण एका बाईने पापड घालायला हलवली. त्याला वाटलं, थोडासाच फरक पडेल. नकाशा तयार झाल्यावर फरक कुठे पडला ते दिसलं. पण ग्राहक खूश होता. चेतनभाईंनी रेघ बघून फक्त एवढंच विचारलं होतं, की हे पक्कं ना? आणि तो हो म्हणाला होता.

कागद सगळे चोख होते आणि नकाशा खोटा होता. अधिकाऱ्यांनी तो बाजूला सारला. सगळ्या शेजाऱ्यांना आधी कळवून, त्यांच्या देखत नव्याने मोजणी करा, असं त्यांनी सांगितलं. गोपालच्या कंपनीकडून वेगळा खुलासा मागवला. शोभाबाईंवरची तक्रार चेतनभाईंच्या वकिलांनी स्वतःच परत घेतली, कारण ती पुढे न्यायची तर पहिला साक्षीदार गोपाल लागला असता.

नवी मोजणी झाली तेव्हा सगळी गल्ली हजर होती. या खेपेला खुणा जमिनीवर रंगवल्या होत्या. गोपाल कोपऱ्यात उभा होता. त्याला कंपनीने पाठवलं होतं, पण उडवायचं काम लखनचं. लखनने यंत्र जमिनीवर ठेवलं आणि सरळ शोभाबाईंच्या मागच्या दाराशी गेला.

“काकू, उडवू का? घर वरून दिसेल.”

शोभाबाई म्हणाल्या, थांब. त्या आत गेल्या. अधिकारी उन्हात उभे, चेतनभाई उन्हात उभे, हर्षदा छत्री घेऊन उभी. दोरीवरचे कपडे निघाले, मोरीचं दार लागलं, पत्र्यावरची एक फाटकी गोधडीसुद्धा खाली आली. मग त्या बाहेर येऊन ओट्यावर बसल्या.

“आते उडाव.”

लाल रेघ स्वयंपाकघराच्या भिंतीबाहेरून गेली. अगदी जवळून, पण बाहेरून. गल्लीच्या तोंडाकडे जाताना मात्र ती दगा आप्पांच्या नव्या संडासाच्या बरोबर मधून गेली. आप्पांना पुन्हा खोकला आला आणि चेतनभाईंनी फार प्रेमाने त्यांची पाठ थोपटली.

शोभाबाईंनी गॅस पेटवला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. पहिला कप लखनला दिला, सगळ्यांच्या देखत, हातात. मग अधिकाऱ्यांना, हर्षदाला, चेतनभाईंना. गोपालला वाटलं, आपल्याला मिळणार नाही. पण त्यालाही मिळाला, बशीसकट.

त्याने एक घोट घेतला. त्याच्या चहात साखर नव्हती. त्याने मान खाली घातली आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.